सात महिन्यांच्या बाळाला पहिल्यांदा होडीत न्यायचंय, काय काय बघावं?

पहिलटकरीण

बाळ सात महिन्यांचं आहे, वजन 7.4 किलो. मान पक्की धरतं, आधाराने बसतं, अजून रांगत नाही. ओळखीतल्यांची मोटरबोट आहे. अठरा फुटी, उघडी, मागे आउटबोर्ड (होडीच्या बाहेर टांगलेलं) इंजिन, वर कापडी छत. तलावातच चालते, चालवणारे अनुभवी आहेत. बाळासोबत मी आणि नवरा असू. वारा नसेल अशा दिवशी तासाभराची फेरी मारावी असं घरात चाललंय.

लाइफ जॅकेट कोणतं घ्यावं? एक शिशु आकाराचं बघितलंय, लेबलवर 3.6 ते 13.6 किलो लिहिलंय, म्हणजे वजनात तर बसतं. बाळाला गाडीतल्या कार सीटमध्ये बसवून ती सीट होडीत घट्ट बांधली तर चालेल का? की कापडी कॅरियरमध्ये छातीशी घेऊ? ऊन, दूध, झोप यांचं कसं करायचं? आणि मुळात हे वय बरोबर आहे का? थांबा म्हणालात तरी चालेल, पण कारण सांगा.

---

तरंग

आधी कार सीट आणि कॅरियर. दोन्ही नको, आणि यात "हळू गेलो तर", "जवळच गेलो तर" अशी सूट नाही.

कार सीट बाळाला जखडून ठेवण्यासाठीच बनवलेली असते. गाडीत तेच हवं असतं, पाण्यात तेच जिवावर येतं. सीट होडीला बांधली आणि होडी उलटली, तर बाळ होडीखाली अडकतं. न बांधता ठेवली तर ती पाण्यात पालथी होऊ शकते, आणि मग बाळाचं तोंड खाली, पाठीवर सीटचं ओझं, आणि बकल उघडायचं ते पाण्याखाली चाचपडत. कॅरियरचा दोष वेगळा आहे. तुमचं जॅकेट तुम्हाला उताणं तरंगवतं ते छातीवर दुसरं कुणी नाही असं धरून. समोर सात किलोंचं बाळ बांधलं की तो तोल बिघडतो. वर बाळाचं स्वतःचं जॅकेट कॅरियरमध्ये नीट बसतच नाही, आणि गडबडीत बाळ दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. पाण्यावर बाळ कशालाच बांधलेलं नसावं. अंगात त्याचं स्वतःचं जॅकेट आणि त्याला धरायला मोठ्या माणसाचे मोकळे दोन हात.

आता वजन. लेबलवरचा 3.6 हा आकडा त्या आकाराची खालची मर्यादा आहे. तेवढ्या वजनाच्या प्रत्येक बाळाला ते जॅकेट नीट बसेलच असं त्यातून ठरत नाही. अमेरिकी तटरक्षक दलाचा सल्ला साधारण 18 पौंड, म्हणजे 8.2 किलो होईपर्यंत थांबण्याचा आहे. कॅनडात 9 किलो सांगतात. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने खूप जड असतं, मानेत जोर कमी असतो, आणि खांदे इतके उतरते की जॅकेट वर सरकून हनुवटी आत जाते. पाण्यात याचा अर्थ असा की जॅकेट तरंगतं आणि बाळ त्यातून खाली घसरतं.

तेव्हा 7.4 वर मी थांबेन. या वयात महिन्याला तीनेकशे ते चारेकशे ग्रॅम वजन वाढतं, म्हणजे फार लांबची गोष्ट नाही. मधल्या काळात जॅकेट आणून त्याची सवय करा.

घेताना तीन गोष्टी असल्याच पाहिजेत. डोक्यामागे जाड, फोमची मोठी कॉलर, जी डोकं पाण्याबाहेर टेकवून धरते. जांघेतून जाणारा पट्टा, म्हणजे जॅकेट वर सरकत नाही. आणि कॉलरच्या वरच्या कडेला मजबूत पकड, बाळाला पाण्यातून उचलायला. यातली एक जरी नसली तरी ते जॅकेट या वयाचं नाही. रंग भडक केशरी किंवा पिवळा घ्या, निळा आणि हिरवा पाण्यात दिसत नाही.

आयएसओ 12402 चं, म्हणजे लाइफ जॅकेटांच्या आंतरराष्ट्रीय मानकाचं, लेबल असेल तर त्यावर 50, 100, 150 असे स्तर असतात. 50 म्हणजे पोहता येणाऱ्यासाठी आणि मदत जवळ असेल तिथेच. बाळासाठी किमान 100 चा स्तर बघा, कारण उताणं वळवण्याची अपेक्षा तिथून सुरू होते. लहान आकारात प्रत्यक्ष उत्प्लावक बल, म्हणजे तरंगवणारा जोर, 100 न्यूटनपेक्षा कमी असतं, ते वजनाप्रमाणे ठरतं. हा आकडा स्तराचा आहे, त्यावरून घाबरू नका. हवेने फुगणारी जॅकेटं, दंडातले फुगे, पोहण्याची रिंग यांतलं काहीही चालणार नाही. फुगणारी जॅकेटं बाळांसाठी नसतात, आणि फुगे-रिंग ही खेळणी आहेत.

बसतंय का हे असं बघा. पातळ कपड्यांवर जॅकेट घाला, सगळी बकलं लावा, पट्टे ओढून घ्या. जांघेतल्या पट्ट्याखाली दोन बोटं जेमतेम जावीत. मग दोन्ही खांद्यांवर जॅकेट धरून बाळाला अलगद वर उचला, खाली गादी असू द्या. हनुवटी आणि कान जॅकेटच्या आत गेले तर ते मोठं आहे. पट्टे कितीही आवळले तरी ते लहान होत नाही, दुसरं बघा.

---

सुकाणू

जॅकेटबद्दल तरंगने सांगितलंच आहे. होडीबद्दल मी सांगतो.

अठरा फुटी उघडी मोटरबोट चालेल, पण बसायची जागा महत्त्वाची. नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर, बाळ कधीच नाही. लाट कापताना सगळ्यात जास्त आपटतो तो पुढचा भाग, आणि तिथून पडलेलं माणूस थेट होडीखाली, इंजिनाच्या पंख्याच्या दिशेने जातं. सगळ्यात कमी हादरे मध्याच्या थोडं मागे बसतात. तिथे, शक्य तितकं खाली, पाठीला टेकू घेऊन बसा. तुमचा एक हात बाळाच्या कुल्ल्याखाली आणि एक हात डोकं-मानेमागे, त्याचं तोंड तुमच्या खांद्याकडे. कॉलरवरची पकड धरून बाळाला बसवून ठेवू नका, ती फक्त पाण्यातून काढण्यासाठी आहे.

वेग: पाठीमागे लाट उठणार नाही इतकाच. होडी पाण्यावर चढून पळायला लागली की प्रत्येक आपट थेट बाळाच्या मानेवर जाते, मांडीवर धरून ती शोषली जात नाही. दुसऱ्या होडीची लाट आली तर आणखी हळू करा आणि ती तिरपी, साधारण 45 अंशांत घ्या. समोरून घेतली तर नाळ उचलून आपटते, आडवी घेतली तर होडी गडगडते.

चढणं-उतरणं हीच सगळ्यात निसरडी वेळ असते आणि नेमकं तेव्हाच लोक बाळ कडेवर घेऊन पाऊल टाकतात. तसं करू नका. जॅकेट धक्क्यावर यायच्या आधीच घालायचं. होडी पुढे-मागे दोन्ही दोरांनी बांधलेली, इंजिन बंद. आधी वडील मोकळ्या हातांनी चढतील, बसतील, स्थिर होतील. मग तुम्ही धक्क्यावर गुडघे टेकून बाळ द्या, आणि "धरलं" असं त्यांनी तोंडाने म्हटल्याशिवाय सोडू नका. मग तुम्ही चढा. उतरताना हेच उलट. पिशव्या सगळ्यांच्या आधी चढवा आणि सगळ्यांच्या नंतर उतरवा.

चालवणाऱ्याच्या हातात बाळ कधीही नाही, फोटोसाठीही नाही. बाळ धरणारा वेगळा, आणि तिसरा माणूस फक्त बघणारा. तुमच्याकडे तिघं आहेत, बरोबर बसतं. तिघांनीही जॅकेट घातलेलं असावं, कारण बुडणारा आई-बाप बाळाला वाचवू शकत नाही. चालवणारा पडला की इंजिन बंद करणारी दोरी त्याच्या मनगटाला किंवा जॅकेटला अडकवलेली हवी. होडीवर किती माणसं बसवायची ते लिहिलेलं असतं, त्यात बाळही एक माणूस धरायचं.

निघताना आधी वाऱ्याच्या दिशेला तोंड करून जा, म्हणजे येताना वारा पाठीशी राहतो आणि परतणं सोपं जातं. तासाची फेरी पहिल्यांदा फार झाली. पंधरा मिनिटं जाऊन वळा, एकूण अर्धा तास. काठापासून लांब जाऊ नका. ढगांचा गडगडाट ऐकू आला की वाट न बघता काठाला या. काठावरच्या कुणाला तरी कुठे चाललोय आणि किती वाजता परतणार ते सांगून ठेवा, फोन पाणी न शिरणाऱ्या पिशवीत, शिट्टी प्रत्येकाच्या जॅकेटला.

एक गोष्ट निघायच्या आधी बोलून ठेवा: बाळ पाण्यात पडलं तर कोण काय करणार. मोठ्या माणसाला दोर किंवा रिंग फेकता येते, ते ती धरतं. बाळ धरू शकत नाही, म्हणून कुणाला तरी पाण्यात उतरावंच लागतं. तो कोण हे आधी ठरवा, म्हणजे दोघंही एकदम उडी मारणार नाहीत. चालवणारा कधीच उडी मारणार नाही. तो लगेच इंजिन न्यूट्रलमध्ये टाकेल आणि बाळ ज्या बाजूला पडलं त्या बाजूला सुकाणूचं चक्र फिरवेल; त्याने होडीचा मागचा भाग, म्हणजे पंखा, दूर सरकतो. तिसरा माणूस हात लांब करून बाळाकडे बोट दाखवत राहील आणि नजर काढणार नाही. जवळ आल्यावर इंजिन पूर्ण बंद.

---

शिशुकक्ष

सुकाणूंच्या उत्तराला एक पुरवणी, ती छताची. मध्याच्या मागे बसायचं ते बरोबर, पण अगदी शेवटच्या बाकावर नको. हळू चालताना आणि वारा मागून असताना इंजिनाचा धूर होडीतच परत ओढला जातो. छताला पुढून किंवा बाजूंनी पडदे लावलेले असतील तर तो आत कोंडतो. त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. बाळाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो, म्हणून त्याच्या रक्तात तो लवकर चढतो. लक्षणं होडी लागल्यासारखीच: मळमळ, सुस्ती, किरकिर. दोन वर्षांखालच्या मुलांना होडी लागणं दुर्मीळ असतं, त्यामुळे बाळ अचानक मलूल झालं तर "लाटांनी झालं असेल" म्हणू नका. पडदे उघडे ठेवा, बाळाला मोकळ्या हवेत न्या, काठाला येऊन डॉक्टरांना दाखवा. उभ्या होडीत इंजिन चालू ठेवू नका. आणि मोठ्यांची उलटीवरची औषधं या वयात स्वतःच्या मनाने देऊ नका, त्यातल्या प्रोमेथाझीनने दोन वर्षांखालच्या बाळांचा श्वास मंदावू शकतो.

ऊन. सकाळी दहाच्या आत परत या किंवा चारनंतर निघा. सावलीत बसलात तरी पाण्यावरून ऊन खालून येतं, म्हणून पातळ पूर्ण बाह्यांचा कपडा, पाय झाकलेले, मान झाकणारी टोपी. टोपीची दोरी ओढली की सुटणारी हवी, गळ्याला आवळणारी नको. सहा महिने पूर्ण झाल्यामुळे उघड्या भागाला सनस्क्रीन चालेल: झिंक ऑक्साइडचं, एसपीएफ 30 किंवा जास्त, निघायच्या वीसेक मिनिटं आधी, दर दोन तासांनी पुन्हा. हातांच्या पंजांना लावू नका, ते तोंडात जातात. सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी सावली आणि कपडे हाच उपाय.

जॅकेट जाड असल्याने बाळ आत तापतं आणि हातपाय मात्र गार लागतात, त्यावरून फसू नका. मानेच्या मागे किंवा छातीवर बोट घालून बघा. घाम, लाली, गरम अंग असेल तर काठाला या. चालत्या होडीत जॅकेट काढणं हा उपाय नाही. भिजलं तर उलटं होतं. लहान अंगाची उष्णता भराभर जाते आणि पाणी ती हवेपेक्षा कितीतरी वेगाने ओढून घेतं. ओले कपडे पूर्ण काढा, कोरडं करा, उघड्या छातीशी धरून वर पांघरूण घ्या. दोन जोड कपडे, टॉवेल आणि एक जाड पांघरूण घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत असू द्या.

दूध निघायच्या अर्धा-पाऊण तास आधी पाजून, ढेकर काढून घ्या. चालत्या होडीत पाजू नका, हादऱ्याने ठसका लागतो. पाजायचंच झालं तर इंजिन बंद करून, शांत पाण्यात, बाळाला थोडं उभं धरून. घट्ट खाणं काठावर परतल्यावर. वरचं दूध तयार केलं की दोन तासांत संपवायचं, आणि बाळाने तोंड लावलं की एका तासात. काढलेलं अंगावरचं दूध बर्फाच्या पाकिटांसह थंड पिशवीत 24 तास टिकतं. सात महिन्यांच्या बाळाला अधूनमधून घोटभर पाणी चालतं. सहा तासांत शू नाही, रडताना डोळ्यांत पाणी नाही, टाळू खोल गेली, ही पाणी कमी पडल्याची चिन्हं.

झोपेची वेळ टाळून निघा. जॅकेटमध्ये बसल्या बसल्या डुलकी लागली की कॉलर डोकं पुढे ढकलते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाची वाट दुमडते. झोप येऊ लागली की बाळाला उताणं, हनुवटी वर राहील असं मांडीवर धरा आणि परत फिरा. इंजिनाचा आवाज सतत कानावर पडतो, लहान मुलांचे कान झाकणारे मफ मिळतात ते घ्या.

निघायच्या आधी घरातल्या दोघांनी बाळाचा सीपीआर (श्वास बंद पडल्यावर तोंडाने श्वास देणं आणि छाती दाबणं) बाहुलीवर शिकून घ्या, वाचून हात बसत नाही. आराखडा असा: श्वास चालत नसेल तर डोकं सरळ, फार मागे नाही, तुमच्या तोंडाने बाळाचं तोंड आणि नाक दोन्ही झाकून आधी पाच हलके श्वास, छाती उचलेल इतकेच. प्रतिसाद नसेल तर दोन्ही हातांनी छातीला वेढून दोन अंगठ्यांनी छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या अर्ध्यावर दाब, खोली छातीच्या एक तृतीयांश, सुमारे 4 सेंटिमीटर, वेग मिनिटाला 100 ते 120. तीस दाब, दोन श्वास. बुडण्यात अडतो तो श्वास, म्हणून सुरुवात श्वासाने. पोट दाबून पाणी काढायच्या नादी लागू नका, त्याने उलटी फुप्फुसात जाते. दुसऱ्याने तेव्हाच मदतीसाठी फोन करायचा. डोकं पाण्याखाली गेलं आणि नंतर बाळ खोकत राहिलं, श्वास धापेचा वाटला किंवा गळून गेल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना.

---

पहिलटकरीण

सगळ्यांचे मनापासून आभार. 8.5 किलो होईपर्यंत थांबायचं ठरवलं. जॅकेट आणून खांद्यांवर धरून उचलून पाहिलं: हनुवटी बाहेरच राहिली, पण कॉलर कानांना घासते आणि बाळ आकांत करतं. हे मोठं आहे का? आणि पाण्यात कसं बघायचं? जुनं, कुणाचं तरी वापरलेलं जॅकेट जास्त मऊ असेल तर ते घेऊ का?

---

तरंग

कॉलर कानांना लागते पण कान आत जात नाहीत, तर आकार बरोबर आहे. रडणं बहुतेक वेळा आकारामुळे नसतं, हात खाली येत नाहीत म्हणून बाळ वैतागतं. घरी रोज पाच मिनिटं, जागं आणि पोट भरलेलं असताना घाला, हळूहळू वीस मिनिटांपर्यंत न्या. एकटं सोडू नका आणि त्यात झोपू देऊ नका.

पाण्यातली चाचणी उथळ, कोमट, 32 अंशांच्या आसपासच्या तरणतलावात. तुम्ही कमरेएवढ्या पाण्यात, दुसरं मोठं माणूस शेजारी. बाळाला उताणं, पाठीखाली दोन्ही हात. हात हळूहळू खाली न्या, पण बाळापासून वीतभरापेक्षा लांब नको. डोकं कॉलरवर टेकलं आणि तोंड पाण्याच्या चांगलं वर राहिलं, तर पहिला भाग झाला. मग अलगद कुशीवर वळवा आणि बघा: जॅकेट परत उताणं करतं, की तोंड पाण्याकडे जातं? पालथं कधीच करून बघू नका. दोन मिनिटं पुरे, रडलं तर काढा. कुशीवरून परत वळत नसेल तर ते जॅकेट त्या बाळासाठी नाही, मग लेबलवर काहीही असो. बाळं हातपाय झाडतात, पाय पोटाशी घेतात, त्यामुळे एकच जॅकेट एकाला वळवतं आणि दुसऱ्याला नाही. वजन किलोभर वाढलं की चाचणी पुन्हा.

वापरलेलं जॅकेट मऊ लागतं ते बऱ्याचदा फोम बसलेला असतो म्हणून, आणि बसलेला फोम कमी तरंगवतो. लेबल वाचता येत नसेल, शिवण उसवली असेल, बकल एकदा ओढल्यावर सुटत असेल, किंवा फोम दाबला तर परत फुगत नसेल, तर फुकट मिळालं तरी नको.

---

सुकाणू

आणि ते जॅकेट होडीत बसायला उशी म्हणून किंवा सामानाखाली दाबून ठेवू नका, फोम तसाच चपटा होतो. वापरल्यावर गोड्या पाण्यात बुचकळून सावलीत टांगा. उन्हात किंवा हीटरजवळ वाळवलं तर कापड आणि पट्ट्यांचा धागा लवकर कमकुवत होतो. जांघेतला पट्टा सगळ्यात आधी झिजतो, त्याची शिवण दर खेपेला ओढून बघा.